लहान मुलांचे घर आणि मागील शिल्लक

(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘लहान मुलांच्या घरातील रोजचे चढउतार’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. मी काही बालमानसशास्त्राचा अभ्यासक नव्हे. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो आणि गेली वीस वर्षे बँकेत लिपिकाची नोकरी करतो आहे. घरी दहा वर्षांचा मुलगा आहे, सहा वर्षांची मुलगी आहे, सौ. एका इस्पितळात परिचारिका आहेत आणि माझी आई आमच्यासोबत असते. बोलण्याचा माझा अधिकार एवढाच.

आमच्या घरची सकाळ तुमच्यापेक्षा वेगळी नाही. साडेपाचला नळाला पाणी येते. अंबरनाथहून गाडी पकडायची म्हणजे मला सातच्या आत घर सोडावे लागते. त्याच वेळी मुलाच्या एका पायातला मोजा सापडत नाही आणि मुलीला वेणी घट्ट झाली म्हणून रडू येते. मागच्या वर्षी एका रात्री नऊ वाजता तिने जाहीर केले, “उद्या मला भेंडी व्हायचंय.” शाळेत भाज्यांची वेशभूषा होती आणि सूचनेचा कागद आठ दिवस दप्तरात पडून होता. दुकाने बंद झालेली. अखेर आजीच्या जुन्या हिरव्या साडीचा तुकडा कामी आला. दुसऱ्या दिवशी ही भेंडी व्यासपीठावर गेली, माईक पाहिला आणि एक अक्षर न बोलता रडत खाली आली. संध्याकाळी मात्र तेच चार वाक्यांचे भाषण तिने आम्हाला घरात बारा वेळा ऐकवले.

असे हसण्यासारखे प्रसंग पुष्कळ सांगता येतील. परंतु आज मला दोन प्रसंग सांगायचे आहेत, जे घडले तेव्हा आम्हाला हसू आले नव्हते.

पहिला प्रसंग मुलगी दीड वर्षाची असतानाचा. सौ. रात्रपाळीला गेल्या होत्या. अकराच्या सुमारास मुलीला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. दोन तासांत पोर मलूल झाली. मी सौ.ना फोन केला. त्या म्हणाल्या, “घाबरू नका. फ्रीजवरच्या डब्यात ओआरएसची पुडी आहे. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण मिसळा आणि चमच्या-चमच्यानं पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा हळूहळू द्या.” मुलगा पाच वर्षांचा झाला होता, म्हणजे पाच वर्षे मी बाप होतो, आणि औषधाचा डबा कुठे असतो हे मला त्या रात्री कळले.

मी पाणी तयार केले, तर आईने माझा हात धरला. “पाणी देऊ नकोस. पोटात काही ठरत नाहीये. जेवढं देशील तेवढं बाहेर पडेल.” एरवी शांत असणारी माझी आई त्या रात्री माझ्या अंगावर ओरडली. तिकडे सौ. फोनवर विचारीत होत्या, “किती चमचे गेले?” मी दोघींच्या मध्ये. शेवटी आईचा हात बाजूला केला आणि चमचा मुलीच्या तोंडाला लावला. पहाटे चारपर्यंत मी तसाच बसून होतो. पाचच्या सुमारास तिला लघवी झाली आणि तिने डोळे उघडून “आजी” अशी हाक मारली.

तेव्हा आई रडू लागली आणि जे मला आयुष्यात कधी सांगितले नव्हते ते तिने सांगितले. माझ्या पाठीवर मला एक बहीण होती. १९८४ च्या पावसाळ्यात, एक वर्षाची असताना, ती अशाच हगवणीने गेली. शेजारच्या वडीलधाऱ्या बायकांनी सांगितले म्हणून आईने तिचे पाणी तोडले होते. आई म्हणाली, “हे मीठ-साखरेचं पाणी तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर?”

बंधू-भगिनींनो, हे ज्ञान तेव्हा जगात होते. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ असताना सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाईकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून ४ च्या आत आले. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. पण १९७१ चे ते ज्ञान १९८४ पर्यंत आमच्या चाळीतल्या खोलीत पोहोचले नव्हते. म्हणून आज इथे सांगतो. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. उरलेले पाणी चोवीस तासांनी फेकून द्या. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नका. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसले किंवा पाणीही पोटात राहीना, तर क्षणभर न थांबता इस्पितळ गाठा.

दुसरा प्रसंग तीन वर्षांपूर्वीचा. त्या दिवशी माझ्याकडे कॅश काउंटर होते. दिवसअखेर रोकड जुळवली तर पाचशेच्या चार नोटा कमी. तीन वेळा मोजले. चूक माझीच होती, ते दोन हजार रुपये मी भरले. गाडीत उभा राहून घरी आलो. मुलगा पाढे लिहीत बसला होता. त्याचा धक्का लागून दुधाचा पेला वहीवर सांडला आणि मी त्याच्या कानशिलात लगावली. तो रडला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरात शिरलो, तर धाकटी म्हणाली, “दादा, पप्पा आले,” आणि तो वही उचलून मोरीत जाऊन उभा राहिला. मी आईकडे पाहिले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुझे वडील कामावरनं आले की तूही असाच मोरीत जाऊन बसायचास.”

माझे वडील गिरणी कामगार होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी तान्हा होतो. त्यांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. पुढे त्यांनी मिळेल ते काम केले आणि बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत दिवसभराचा अपमान घेऊन ते परत येत. मी मार खायचो आणि समजायचो की माझेच काहीतरी चुकले असेल. बहिणीचे तर मला ठाऊकच नव्हते. आज त्यांच्याबद्दल मनात राग नाही. परंतु ते कधी “चुकलं माझं” म्हणाले असते, तर मला बरे वाटले असते, एवढे मात्र खरे.

बँकेच्या वहीत आदल्या पानाची शिल्लक पुढच्या पानावर ओढावी लागते, तो नियमच आहे. घरातही नकळत आपण तेच करतो. आईने आपली भीती पुढे ओढली, मी वडिलांचा राग पुढे ओढला. दोघांच्याही मनात मुलांचे वाईट नव्हते. पण घरात हा नियम पाळलाच पाहिजे असे कुणी सांगितले आहे?

मी मोरीच्या उंबऱ्यावर बसलो आणि मुलाला म्हणालो, “काल चूक माझी होती. बँकेत माझे पैसे कमी पडले आणि राग तुझ्यावर काढला. तुझा काही दोष नव्हता.” त्याने थोडा विचार केला आणि विचारले, “पैसे कमी पडले म्हणून बँकेत तुम्हाला कुणी मारलं का?” मी म्हणालो, “नाही रे.” तो म्हणाला, “मग?”

या ‘मग’चे उत्तर माझ्याजवळ नव्हते. आजही नाही.

त्यानंतर मी फार मोठा झालो असे नाही. आवाज अजूनही चढतो. हात मात्र उचलला नाही. दोन साध्या सवयी लावून घेतल्या. स्टेशनवरून घरी येताना शेवटची पाच मिनिटे चालत येतो आणि दिवसभरात काय बिनसले ते स्वतःलाच मोजून सांगतो, म्हणजे ते घरात शिरत नाही. आणि माझे चुकले असेल तर झोपण्यापूर्वी मुलांना तसे सांगतो. मुलांची माफी मागितली तर ती डोक्यावर बसतील, असे मला अनेकांनी सांगितले. माझा अनुभव उलट आहे. परवा मुलाने बहिणीची पेन्सिल मोडली आणि कुणी न सांगता तिच्याजवळ जाऊन कबूल केले.

समोर बसलेल्या बंधूंना एक विनंती. औषधाचा डबा, लसीकरणाचे कार्ड आणि दप्तरातला सूचनेचा कागद कुठे असतो, हे आज घरी गेल्यावर बघून घ्या. ती माहिती फक्त आईलाच असावी असा काही नियम नाही. भगिनींना एवढेच सांगेन की सासूबाई जुने काही सांगून अडवू लागल्या, तर त्यामागे एखादे गेलेले लेकरू तर नाही ना, हे एकदा मायेने विचारा. माझी आई आता शेजारच्या नव्या सुनांना स्वतः ते पाणी करून दाखवते. चमचा सपाट हवा, शीग नको, हे ती दोनदा सांगते.

आणि बालमित्रांनो, पप्पा-मम्मी रागावले आणि तुमचे काही चुकलेले नसेल, तर तुम्हीही माझ्या मुलासारखे “मग?” असे जरूर विचारा.