प्युजिलिझम : एका मुठीची गोष्ट

आजचा शब्द आहे 'प्युजिलिझम'. जुन्या इंग्रजी पुस्तकांत बॉक्सिंगसाठी हा शब्द भेटतो, आणि बॉक्सरला म्हणतात 'प्युजिलिस्ट'. ऐकायला भारदस्त वाटतो ना? पण मुळाशी आहे काय, तर नुसती मूठ.

लॅटिनमध्ये मूठ म्हणजे 'पुग्नुस' आणि मुठींनी लढणारा तो 'पुगिल'. त्याच घरातला 'पुग्ना', म्हणजे लढाई. गंमत बघा, तलवारी-भाल्यांची लढाईसुद्धा 'पुग्ना'च! भांडखोर माणसाला इंग्रजीत 'पग्नेशस' म्हणतात, तोही याच कुळातला.

याचा ग्रीक भाऊबंद आहे 'पुग्मे', म्हणजे मूठ. ग्रीकांचा 'पुग्माखिया' म्हणजे मूठ अधिक लढाई. आपलं 'मुष्टियुद्ध' अगदी तसंच जोडलेलं आहे. शब्दांची मुळं वेगळी, पण विचार एकच.

आता 'पुग्मे' हे मापही होतं, कोपरापासून बंद मुठीपर्यंतचं. आपल्याकडे संस्कृतात अशाच मापाला 'रत्नि' म्हणत. तर एवढ्याशा उंचीची जी माणसं ग्रीकांनी कल्पिली, ती 'पिग्मी'. होमरच्या 'इलियड'मध्ये तिसऱ्या सर्गात हे पिग्मी क्रौंच पक्ष्यांशी लढतात, आणि त्याच सर्गात मुष्टियुद्धात तरबेज असलेल्या पॉलिड्यूसीसचंही नाव येतं. पुढे 'पिग्मी'चा अर्थ नुसता 'छोटा' असा झाला. आपल्या गल्लीत रोज दुकानोदुकानी छोटी रक्कम गोळा करणारा पतसंस्थेचा पिग्मी एजंट आहे ना, त्याच्या नावातही ही बॉक्सरची मूठ आहे!

इंग्लंडात अठराव्या शतकात लोक उघड्या मुठींनी लढत. १७४३ मध्ये जॅक ब्रॉटनने या लढतींचे नियम केले. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे आणले. उघडी मूठ झाकली गेली आणि 'प्युजिलिझम' हळूहळू जुना होत गेला.

पण एका ठिकाणी तो टिकला, आणि तिथे हसू येत नाही. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरने बॉक्सरांमधली लक्षणं नोंदवली: चाल अडखळते, हालचाली मंदावतात, बुद्धी गोंधळते. १९३७ मध्ये या आजाराला वैद्यकीय नाव मिळालं, 'डिमेन्शिया प्युजिलिस्टिका'. डोक्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या ठोशांमुळे येणारा स्मृतिभ्रंश. म्हणजे हातमोज्यांनी मूठ झाकली, तरी मेंदूला बसणारा हादरा काही थांबला नाही.

आपण मराठीत माराला लाडाने 'मुष्टिमोदक' म्हणतो. शब्द गोड आहे, पण खाणाऱ्याला विचारा! घरात कुणी मूल बॉक्सिंग शिकत असेल, तर डोक्याला मार लागल्यावर 'काही होत नाही, उठ' म्हणू नका. खेळ थांबवा, डॉक्टरांना दाखवा.

चला, पुढच्या भागात भेटू, नव्या शब्दासह.