देवालाही थोडा वेळ द्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही विदुषी नाही. माझ्या हातून घडलेली एक चूक सांगावी, एवढ्यासाठीच मी उभी आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या मुलीला कावीळ झाली. डॉक्टरांनी रक्त तपासले, औषध दिले आणि सांगितले, "तीन-चार आठवडे विश्रांती लागेल. घाई करू नका." माझे माहेर धुळ्याचे. त्याच संध्याकाळी मी पांझराकाठच्या एकवीरा आईला नवस बोलले. पाच दिवस झाले, पोरीचे डोळे पिवळेच. मग पद्मालयाच्या गणपतीला बोलले. आठव्या दिवशी मनुदेवीला. भगिनींनो, ती भक्ती नव्हती. एका दुकानात माल मिळाला नाही की आपण दुसऱ्या दुकानात शिरतो, तसले ते होते.

शेवटी कोणी एका बाबाचे नाव सांगितले. सांगणारीचा हेतू चांगलाच होता. बाबाने एक शेंदूर फासलेला दगड दिला. "हा घरात मांडा, याचे तीर्थ पाजा आणि डॉक्टरचे औषध बंद करा." दक्षिणा म्हणून मी हातातली पाटली उतरवून दिली. घरात कोणाला सांगितले नाही. चौथ्या दिवशी पोरीच्या पोटात पाणीही ठरेना.

सासूबाईंनी तो दगड पाहिला आणि सारे ओळखले. तिला दवाखान्यात नेले, सलाईन लावले. पोर वाचली. सासूबाई मला रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "माय, पेरेल बी रोज उकरीसन देखस का?"

त्या मुक्ताबाईच्या वारकरी. कोथळीहून निघालेली मुक्ताबाईची पालखी महिन्याहून अधिक पायी चालते, तेव्हा पंढरी येते. आणि तिथे कोण उभा आहे? पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. त्याने वीट फेकली आणि देवाला थांब म्हटले. देव थांबला! देव भक्तासाठी युगानुयुगे थांबतो आणि आपल्याला आठ दिवस निघत नाहीत.

ही खोड आपलीच नव्हे. यहुदी व ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथात एक कथा आहे. मोशे चाळीस दिवस डोंगरावर राहिला. खाली लोकांना धीर निघेना. त्यांनी बायकामुलांच्या कानांतले सोने उतरवून वासरू घडवले आणि त्यालाच देव म्हटले. ती कथा वाचली तेव्हा मला माझी पाटली आठवली.

मूर्ती पुजू नये असे मी म्हणत नाही. माझ्याही देव्हाऱ्यात टाक आहेत, कानबाईला मीही रोट करते. पण ज्या देवापुढे आपण वाकतो तो निराळा, आणि आपल्या मनासारखे ताबडतोब व्हावे म्हणून आपण मांडतो तो निराळा. हा दुसरा देव नव्हेच. ती आपली भीती, शेंदूर फासलेली. गाडगेबाबा १९५६ साली गेले. नवसाला कोंबडे-बकरे कापू नका, पैसा पोरांच्या शिक्षणाला लावा, हेच ते जन्मभर सांगत राहिले. २०१३ साली आपल्या राज्यात जादूटोण्याविरुद्ध कायदाही झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा आता गुन्हा आहे.

पण कायदा रात्री दोन वाजता आजारी पोराच्या उशाशी बसायला येत नाही. तेव्हा आपणच जायला हवे. मी त्या आठ दिवसांत एकटी होते, म्हणून माझा धीर सुटला. कोणी शेजारी बसून नुसते "औषध दिले का?" असे विचारले असते, तरी मी सावरले असते. म्हणून माझी विनंती एवढीच : आपल्यापैकी जिच्या घरी दुखणे असेल, तिच्याकडे पाळीपाळीने जाऊ या. नवस बोलायचा तर बोला. पण औषध थांबवू नका.

पाटली परत आली नाही. हात मोकळा दिसला की सासूबाईंचे ते बोल आठवतात. म्हणून मी दुसरी केली नाही.