दाद मागताना

'दाद' हा फारसी शब्द मराठीत दोन ठिकाणी रुळला. मुशायऱ्यात शेर आवडला की दाद देतो, कोर्टात न्याय हवा असला की दाद मागतो. मूळ अर्थ न्यायच. कवी म्हणून मी पहिल्या दादेसाठी झुरलो. दुसरीचं मोल मोहल्ल्यातल्या एका आईमुळे कळलं.

तिच्या मुलाला सत्र न्यायालयानं कैदेची शिक्षा दिली. खटल्यातच घरातलं किडूकमिडूक संपलं होतं, अपिलाला वकील कुठून आणणार? ती म्हणाली, "भाईजान, तुम्ही शायर. काळजाला भिडेल असा अर्ज लिहून द्या."

मी म्हटलं, "आपा, इथं शायरी नको. निकालाची प्रत मिळाली का?"

ही प्रत कैद्याला मोफत मिळायला हवी. होस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ सालीच हे बजावलं आहे. अपिलाचा अर्ज प्रतीसह तुरुंगाधिकाऱ्याकडे दिला की तो वरच्या कोर्टात पाठवणं त्याचं काम. वकिलाची सही लागत नाही. जुन्या फौजदारी संहितेतली ही सोय जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे.

अर्जात काय लिहायचं? कोणता साक्षीदार कुठं फिरला, कोणता पुरावा विचारात घेतला नाही, शिक्षा जास्त का वाटते. साध्या शब्दांत. अपील केलं म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाही; ती स्थगित करून जामीन मिळावा, अशी वेगळी विनंती करावी लागते.

'अपील केलं तर शिक्षा वाढेल' ही भीती अनेकांना गप्प बसवते. कैद्यानं केलेल्या अपिलात कोर्ट शिक्षा वाढवू शकत नाही. त्यासाठी वेगळी कार्यवाही लागते, आणि तीतही कैद्याचं म्हणणं ऐकावंच लागतं.

मात्र वकिलाविना लढण्यात बहादुरी मानू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. अर्ज स्वतः करा आणि त्यातच वकीलही मागा.

सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात जायला साठ दिवस असतात, मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात जायला तीस. फाशीच्या शिक्षेलाही तीसच. प्रत मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळतात. उशीर झालाच तर सबळ कारण देऊन माफी मागता येते.

तुमचं कुणी आत असेल तर पुढच्या भेटीत त्याला एवढंच सांगा: निकालाची प्रत मागून घे आणि दिवस मोजायला लाग.