पुण्यातले वाडे आणि गावची बारव

आम्ही बचत गटाच्या बाया आज तुमच्याशी बोलायला आलोय. आमची दरवर्षीची सहल देवदर्शनाची असते. यंदा बैठकीत एक जण म्हणाली, "पुण्याला आपण दवाखान्यासाठी जातो, कोर्टाच्या कामासाठी जातो. पण पुणं बघायला कधी गेलोय का?" कुणीच गेलं नव्हतं. मग ठरलं, भाकऱ्या बांधून घ्यायच्या आणि पहाटेची एसटी पकडायची. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच. गटातल्या एकीची लेक पुण्यात शिकते. तिलाच वाटाड्या केलं.

स्वारगेटला उतरून जमिनीखालच्या मेट्रोने मंडईला गेलो. आमच्या आक्का सरकत्या जिन्यावर पाय टाकायला तयार नव्हत्या. शेवटी दोघींनी दोन हात धरले तेव्हा चढल्या. वर आलो तर समोरच महात्मा फुले मंडई. दगडी, अष्टकोनी इमारत, वर टोकदार मनोरा. आम्ही भाजीपाला पिकवणाऱ्या बाया, त्यामुळे आधी भाव विचारले आणि मग इमारत बघितली! लेकीने सांगितलं, ही मंडई बांधायची ठरली तेव्हा जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य होते आणि त्यांनी विरोध केला होता. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं कुणी ऐकलं नाही. १८८६ साली मंडई सुरू झाली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव दिलं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला फुल्यांचं नाव लागलं.

तिथून चालतच विश्रामबागवाड्याला गेलो. हा दुसऱ्या बाजीरावाचा वाडा. दर्शनी भागातलं लाकडी कोरीव काम बघताना मान दुखली, पण बघून झालं नाही. मग शनिवारवाडा. पहिल्या बाजीरावाने १७३० साली पाया घातला, १७३२ साली वास्तुशांत झाली. हत्तीने धडक देऊ नये म्हणून दिल्ली दरवाज्याला मोठमोठे अणकुचीदार खिळे ठोकलेत. आत मात्र १८२८ च्या आगीनंतर जोतीच उरली आहेत. तिथेच सावलीत बसून भाकरी खाल्ली.

दुपारी भिडेवाडा शोधला. दगडूशेठ गणपतीच्या समोरच, पण वाडा कुठे आहे? तो २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाडला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती याच वाड्यात. वर्षानुवर्षं तो मोडकळीला आलेला होता, कोर्टात वाद चालू होता. आता त्या जागी स्मारक करायचं ठरलंय. शनिवारवाड्याचे तट अजून उभे आहेत आणि आपल्या लेकींची शाळा जिथे भरली ती भिंत राहिली नाही. आम्ही रस्त्याच्या कडेलाच थांबलो. आक्का शाळेत कधी गेल्या नाहीत, गटात आल्यावर सही शिकल्या. त्यांनी चप्पल काढली आणि हात जोडले.

शेवटी गंज पेठेत फुलेवाड्यावर गेलो. साधं, कौलारू घर. अंगणात जोतीरावांचं तुळशीवृंदावन आहे आणि पाण्याची जागा आहे. ज्यांना कुणी पाण्याला शिवू देत नव्हतं, त्यांच्यासाठी फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद खुला केला. हे ऐकल्यावर आमच्यात एकदम शांतता झाली. ती का झाली, ते सांगायला हवं.

आमच्या गावात जुनी बारव आहे. दगडी पायऱ्या, कोनाडे, आत सगळा कचरा. ती बुजवून वर गाळे काढायचे, असं गावात चाललंय. गटात आमची दोन मतं होती. काही जणी म्हणत, वाडवडलांची आहे, राखायची. पण वस्तीवरच्या वहिनी म्हणत, "बुजवा खुशाल. माझी सासू त्या पायरीखाली घागर घेऊन तासन्‌तास उभी राहायची, कुणी वरून पाणी वाढेल म्हणून. तुम्हाला ती आठवण गोड, आम्हाला कडू." त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आम्ही तो विषय टाळत होतो.

फुलेवाड्यात त्याच वहिनी बोलल्या. "यांनी हौद बुजवला नाही, उघडला. आपली बारव राहू द्या. पण तिथे पाटी लावा, आणि माझी सासू कुठे उभी राहायची तेही पाटीवर लिहा. नुसतं 'प्राचीन बारव' लिहिणार असाल तर मी झाडू धरणार नाही."

परतीच्या एसटीत हेच बोलणं चाललं. एक जण म्हणाली, "गावाची बदनामी होईल." आक्का म्हणाल्या, "झालेलं लपवलं म्हणून धुतलं जातं का?" शेवटी सगळ्यांचं एक झालं. येत्या ग्रामसभेत आम्ही अर्ज देणार: बारव बुजवू नये, गाळ काढायला आम्ही श्रमदान करू, आणि पाटीवरचा मजकूर वस्तीवरच्या बायांना विचारून लिहावा. अर्जावर पहिली सही वहिनींची आहे, दुसरी आक्कांची.

ग्रामसभा काय ठरवेल, ते कळलं की सांगूच. तोवर तुमच्या गावात कुठली वेस, बारव, चावडी, जुनी शाळा पडायला आली असेल, तर एकदा सगळ्या मिळून बघून या. तिथे कोण आत जात होतं आणि कोण बाहेर उभं राहत होतं, ते म्हाताऱ्या बायांना विचारा. त्या आहेत तोवरच विचारा.