पेपर वाचायचा कुणी?

मी सॉफ्टवेअरवाला. लिनक्स फुकट मिळालं, म्हणून सोलापुरात बसून शिकलो. माझी मामेबहीण इथल्याच एका खासगी कॉलेजात एम.फार्म. करते. परवा म्हणाली, "भाई, एका पेपरचे तीन हजार मागतायत!" सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना आहे. तीन वर्षांचे ६,००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. पण ती सरकारी संस्थांसाठी. हिचं कॉलेज बाहेर. संशोधनाला बहुतेकदा पैसा जनतेचा, पेपर तपासणारे प्राध्यापक फुकट राबणार, आणि विकणार प्रकाशक! शेवटी तिनं थेट लेखिकेला मेल केला. दुसऱ्या दिवशी पीडीएफ हजर. तुमच्यातले जे पीएच.डी. करताहेत, त्यांनी स्वीकारलेल्या पेपरचा मसुदा खुल्या रिपॉझिटरीत टाकावा. बरेच प्रकाशक परवानगी देतात. फक्त मुदतीची अट आधी वाचून घ्या.