आजाऱ्याला पैल नेणे हाही धम्मच

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



 आत्ताच देणगीदारांची यादी वाचून झाली. कोणी सिमेंट दिलं, कोणी पंखे दिले, मोलमजुरी करणाऱ्या बायांनी एक-एक दिवसाची मजुरी दिली. त्या सर्वांचं पुण्य मोठं आहे. पण आज आम्हाला वेगळ्या एका दानाबद्दल बोलायचं आहे. त्याची पावती फाडता येत नाही आणि संगमरवरी पाटीवर नावही लागत नाही. ते दान म्हणजे अडलेल्या जिवाला वेळेवर पोचवून देणे.

गोंदियाजवळ बिरसी आहे. १९९९ पर्यंत तो भाग आपल्याच भंडारा जिल्ह्यात होता. तिथे विमान चालवण्याचं शिक्षण देतात. तिकडे धानाच्या बांधीत रोवणी चालू असते आणि डोक्यावरून लहानशी विमानं घिरट्या घालतात. ती पाहिली की आमच्या मनात यायचं, आपल्या गरिबाला या विमानाचा काय उपयोग? पुढे वाचनात आलं, की अमेरिकेत अशीच लहान विमानं स्वतःच्या पदरी असलेले काही लोक ती दुसऱ्यासाठी उडवतात. १९८३ साली कॅलिफोर्नियात ‘एंजल फ्लाइट’ नावाने हे काम सुरू झालं. दूरच्या गावचा रोगी, त्याला मोठ्या शहरात इलाजाला जायचं, जवळ पैसा नाही. हे वैमानिक त्याला फुकट नेतात, तेलाचा खर्चही स्वतःच सोसतात. २००८ साली डेबी बॉइज नावाच्या बाई आणि जॉन वेरेनबर्ग नावाचे वैमानिक यांनी ‘पायलट्स एन पॉज’ ही संस्था काढली. बेवारस कुत्री-मांजरी, जी कोंडवाड्यात मारली गेली असती, ती विमानात घालून सांभाळणाऱ्या माणसांपर्यंत पोचवायची, हे तिचं काम.

यातली एक गोष्ट आम्हाला फार पटली. ते लोक म्हणतात, आम्ही रुग्णवाहिका नाही. ज्याला वाटेत डॉक्टर लागेल, असा अत्यवस्थ रोगी ते घेत नाहीत. बसून जाऊ शकेल पण जायला साधन नाही, अशालाच नेतात. हवा खराब असली तर उड्डाण रद्द करतात. म्हणजे नुसती दया असून भागत नाही, आपली शक्ती किती हेही ओळखावं लागतं.

आता आपल्या वस्तीकडे पाहा. सिकलसेल आपल्या विदर्भात किती घरांत आहे, हे इथे बसलेल्या मायबहिणींना सांगायची गरज नाही. आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. रात्री लेकराचे सांधे ठणकायला लागतात, ते रडून रडून निपचित होतं. कधी रक्त चढवावं लागतं. भंडाऱ्याहून नागपूर साठ किलोमीटर. कोणाला डायलिसिसला जायचं, कोणाला कॅन्सरच्या इंजेक्शनला. दर फेरीला घरातल्या दोन माणसांची मजुरी बुडते. मग घरचे म्हणतात, या खेपेला राहू द्या, पुढच्या महिन्यात जाऊ. त्या ‘पुढच्या महिन्यात’ माणसं गेलेली आम्ही पाहिली आहेत. अमेरिकेतला तो वैमानिक जे काम विमानाने करतो, ते काम आपल्याला वस्तीतल्या एका जुन्या चारचाकी गाडीने करता येईल.

आणि हे काम आपल्याकडे नवीनही नाही. पूल नव्हते तेव्हा वैनगंगेच्या काठची अडलेली बाळंतीण खाटेवर घालून घाटापर्यंत आणायची आणि ढिवर बांधवाच्या डोंग्यात चढवायची. नदी रात्री कुठे ओढते, डोंगा कुठून घालायचा, ही त्याची विद्या. तो कोणत्या जातीचा आणि बाई कोणत्या जातीची, हे त्या वेळी कोणी विचारलं नाही. आमच्या माहितीतल्या एका म्हाताऱ्या नावाड्याला लोक पैसे देऊ लागले, तर तो म्हणायचा, “बाळ-बाळंतीण चांगली राहू दे, मंग गूळ आणजा.” त्याला आम्ही वैमानिकाच्या बरोबरीचा मानतो.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हाला लाज वाटते, पण विहारात खरंच बोललं पाहिजे.

२०२० च्या ऑगस्टअखेरचा महापूर सर्वांना आठवतो. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं, खाली गोसेखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडले, तरी वैनगंगा गावात आणि शहरात शिरली. त्यात कोरोनाचे दिवस. सरकारी पथकांच्या बोटी आल्या, पण सगळीकडे एकाच वेळी कशा पोचणार? आमच्या राईस मिलमधल्या चार-पाच जणांनी ट्रकच्या ट्यूबा आणि दोर घेतले. एका ओळखीच्या नावाड्याचा डोंगा होता. एका घरी आजी दारातून हलेना. म्हणे, “म्हैस बांधली हाये कोठ्यात. थे सोडा आधी, मंग मी येतो.” आम्ही तिच्यावर ओरडलो. माणसं वाचू द्या, ढोरांचं मग पाहू, असं म्हणून तिला उचललं आणि डोंग्यात बसवलं. कोठा वीस पावलांवर होता. पाणी तेव्हा कमरेइतकंच होतं. कमरेला विळा होता.

पाणी उतरल्यावर कोठ्यात गेलो. म्हैस दाव्यालाच होती. गाठ इतकी आवळली होती, की दावं कापावं लागलं. शेजारच्या मोकळ्या सुटलेल्या शेळ्या उंचवट्यावर चढून वाचल्या होत्या. आजी आम्हाला एक शब्द बोलली नाही. तिचं दूध, तिचं घर, सगळं त्या म्हशीवर चालायचं. आम्ही आजीला वाचवलं, पण तिचं जगणं खुंट्याला बांधून आलो.

बंधूंनो, माणूस आधी, यात वाद नाही. पण माणूस वाचवताना एक दावं कापायला किती वेळ लागतो? आम्हाला पोहता येत होतं, दोर होता, विळा होता. तो जीव आमच्या लेखी मोजण्यातच नव्हता, म्हणून हात गेला नाही.

सम्राट अशोकाने हे बावीसशे वर्षांपूर्वी मोजलं होतं. गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात त्याने माणसांसाठी आणि जनावरांसाठी अशी दोन्ही प्रकारची चिकित्सा सुरू केल्याचं कोरलं आहे. औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे लावल्या, वाटेवर विहिरी खणल्या. इतकं लांब जायलाही नको. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात देवटेक गाव आहे. तिथे सापडलेल्या शिळेवर ब्राह्मी लिपीत अशोककालीन लेख आहे. महामहोपाध्याय मिराशींनी तो वाचला. शिळा झिजलेली आहे, पण प्राण्यांना मारू नये आणि बांधून धरू नये, अशी ती राजाज्ञा आहे. आपल्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झालं, स्तूप निघाला. म्हणजे हा धम्म आपल्या नदीकाठचाच आहे. ती आज्ञा आम्ही कोठ्यातल्या त्या म्हशीनंतर वाचली.

आणि तथागतांनी काय केलं? एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता. कोणी विचारत नव्हतं. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. मग संघाला सांगितलं, की माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. आपण मूर्तीपुढे फुलं वाहतो, ती वाहावीत. पण हे वचन विसरू नये.

म्हणून आमची समितीला नम्र सूचना आहे. विहाराच्या फळ्यावर एक यादी लावावी. कोणाकडे गाडी आहे, कोणाला रात्री चालवता येते, कोण रक्त देऊ शकतो, घाटावर कोणाचा डोंगा आहे. नागपूरच्या तारखा असलेल्या रोग्यांची वेगळी वही ठेवावी. एका गाडीत तिघे गेले तर खर्च तिसऱ्या हिश्शावर येतो. डिझेलसाठी दानपेटीतला काही भाग राखून ठेवावा. पावसाळ्याआधी दोर, बॅटऱ्या, जीवनरक्षक जाकिटं विहारात आणून ठेवावी. २०२४ च्या जानेवारीत गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायांचा डोंगा याच वैनगंगेत उलटला आणि काही जणी बुडून मेल्या. जाकिटाशिवाय डोंग्यात कोणी बसायचं नाही, नावाडी जेवढे म्हणेल तेवढेच बसायचे.

अत्यवस्थ रोग्यासाठी १०८, बाळंतिणीसाठी १०२, जनावरांच्या डॉक्टरसाठी १९६२, हे आकडे पोरांना पाठ करवा. साप चावला तर मांत्रिकाकडे नाही, थेट दवाखान्यात. हातपाय हलू देऊ नका, चिरा मारू नका. गोसेखुर्दच्या नहरात हरीण, रानडुक्कर पडलेलं दिसलं तर दगड मारू नका, वनखात्याला कळवा, स्वतः उडी घेऊ नका. रस्त्यावर अपघात दिसला तर पोलिसांच्या भीतीने तोंड फिरवू नका. २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलं आहे. मदत करणाऱ्यावर त्यापायी खटला घालता येत नाही, नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला कायदा वाचायला शिकवलं, तो अशा वेळी कामाला आला पाहिजे.

आणि पूर चढू लागला की घर सोडताना प्रत्येकाने आपलं आणि शेजाऱ्याचं दावं सोडावं. एवढं एक काम आमच्यासाठी करा.

वहीत गाडी चालवणाऱ्यांत आमचं नाव पहिलं लिहा. डोळे शाबूत आहेत, रात्री गाडी चालवता येते, आणि विळा आता आम्ही विसरत नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!