आप्पा गेले!

(गेल्या वर्षी गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात केलेलं भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांच्या दोन-तीन पिढ्या बेंगळूरात गेल्या. तुमचं कन्नड आमच्यापेक्षा चांगलं, आणि मराठीसुद्धा. आम्ही कडोलीचे, बेळगावच्या उत्तरेचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचं गाव जागेवरून तसूभर न हलता मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आलं. तेव्हापासून घरात एक भाषा, कचेरीत दुसरी, आणि आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गोंधळात. 'जेवालोय' म्हणजे आमच्याकडं जेवतोय. आत्तेभावानं फोनवर विचारलं, 'काय करताय?' आम्ही म्हणालो, 'जेवालोय.' तर म्हणतो, 'जेवून आलात? कुठं?'

पुलंचे 'रावसाहेब' ऐकून तुम्ही हसता. आम्हाला ते घरचेच वाटतात. कन्नडमध्ये खुर्ची, टेबल, टांगा सगळे एकाच लिंगात बसतात. त्यामुळं एखादा 'तो खुर्ची' म्हणाला तर त्याला हसू नये. आपणही कन्नड बोलताना काय काय करतो, ते शेजाऱ्यांना विचारा.

तर, डिप्लोमा झाला, सरकारी नोकरी लागली आणि २००४ साली आम्ही नव्या बायकोला घेऊन इथं आलो. ती कोल्हापूरची, कन्नडचा गंध नाही. घरमालकीणबाई प्रत्येक वाक्याला 'हौदु, हौदु' म्हणायच्या. संध्याकाळी बायको म्हणाली, 'अहो, या घरात पाण्याला हौद नाही, मग त्या सारखं हौद हौद काय म्हणतात?' वाण्यानं काही विचारलं की ही म्हणायची, 'काय?' आणि तो निमूटपणे नारळ काढून द्यायचा. कन्नडमध्ये कायी म्हणजे नारळच की! आठवड्यात घरात चार नारळ झाले. भाजीवाला तिला 'तायी' म्हणाला, तेव्हा ताई समजून खूश झाली. तायी म्हणजे आई, हे आम्ही बरेच दिवस सांगितलं नाही.

पण खरा घोळ झाला तो 'गेले' या शब्दानं. हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच घातकी आहे.

आमच्याकडं फोन नव्हता, घरमालकांकडं होता. एके दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर मालक दारात उभे. आमच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, 'ऊरिंद फोन बंतु. अप्पा होदरु.' गावाकडून फोन आला, आप्पा गेले. पुढं काही विचारायचं आम्हाला सुचलं नाही. गावातल्या एसटीडी बूथवर फोन लावला, तो कुणी उचलेना. मालकांनी हातात पाचशे रुपये कोंबले आणि रिक्षा आणली. आम्ही दोघं राणी चन्नम्मा एक्सप्रेसच्या साध्या डब्यात दाराशी बसून बेळगावला निघालो. रात्रभर आप्पांचं एकच वाक्य आठवत होतं. निघताना ते म्हणाले होते, 'पगार झाला की ये,' आणि आम्ही दोन पगार गेलोच नव्हतो.

सकाळी कडोलीत उतरलो. गल्लीच्या तोंडाशीच बायकोनं हंबरडा फोडला. आई अंगणात सडा टाकत होती. सुनेला रडताना पाहून तिला वाटलं, हिच्या माहेरचं कुणीतरी गेलं. तिनंही बादली टाकली आणि सुनेच्या गळ्यात पडून गळा काढला. पाच मिनिटं दोघी रडत होत्या. शेजारणी धावून आल्या, त्याही रडू लागल्या. शेवटी एका म्हातारीनं विचारलं, 'पण गेलं कोण?'

'आप्पा,' आम्ही म्हणालो.

आई डोळे पुसत म्हणाली, 'आप्पा? ते तुमच्याकडंच गेल्यात न्हवं! काल रात्रीच्या गाडीनं!'

आप्पांना बसमध्ये बसवून चुलतभावानं फोन केला होता. 'गाडीला गेले, उद्या पोचतील' एवढं कन्नड त्याला जमलं नाही. 'अप्पा होदरु, मगनिगे हेळरी' म्हणून त्यानं फोन ठेवला. रात्री दोन्ही गाड्या कुठंतरी एकमेकींना ओलांडून गेल्या असणार.

तिकडं बेंगळूरात दार वाजलं म्हणून मालकांनी उघडलं, तर समोर मयत माणूस, खांद्यावर रताळ्यांचं पोतं! ते इतके घाबरले की तोंडातून एवढंच आलं, 'निम्म मग होदरु.' तुमचा मुलगा गेला. आप्पांना बाजारापुरतं कन्नड येत होतं. 'मग' म्हणजे मुलगा हे ठाऊक होतं, आणि 'होदरु'ही. ते पोत्यावरच बसले. मग मालकांनी हातवारे करून, तोंडानं शिट्टी वाजवून आगगाडी काढून दाखवली, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला.

आम्ही बूथवरून फोन केला, तर आप्पांनीच उचलला. 'कोण गेलंय रे?' म्हणाले. आम्हाला बोलता येईना. 'रडालास काय? सांबार बरं केलंय यांनी. तू सावकाश ये.'

आप्पा खरोखर गेले ते २०१९ साली. भावाचा मोबाइलवर फोन आला, मराठीतच. 'आप्पा गेले,' म्हणाला. आमच्या तोंडून निघून गेलं, 'कुठं?' भाऊ बराच वेळ काही बोलला नाही.

घरमालकांना कळवलं. तेही आधी म्हणाले, 'निजवागलू?' खरंच का? मग त्यांनी फोन बायकोकडं दिला.

प्रसादाची पातेली आली वाटतं. बसतो.